जमिनीला टेकलेली गाडी

सकाळी सहाच्या सुमाराला त्या वस्तीतली काही माणसं गजराने जागी व्हायची आणि उरलेली सुईताईच्या गाडीने. गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की आधी खिडक्यांच्या काचा थरथरायच्या, मग कुत्री भुंकायला लागायची, आणि मग रक्त द्यायला उपाशीपोटी बसलेले म्हातारे बाही वर सारून दार उघडून ठेवायचे. "तुम्हाला बेलची गरजच काय," असं एक निवृत्त मास्तर तिला दर खेपेला म्हणायचे. तीही दर खेपेला हसायची. उत्तर शोधण्यापेक्षा हसायला कमी ताकद लागते.

सुईताई हे नाव तिला याच घरांनी दिलेलं. एका लॅबसाठी ती घरोघर फिरून रक्ताचे नमुने घ्यायची. सुई टोचण्याआधी प्रत्येकाला "घेऊ?" असं विचारायची आणि समोरचा मान हलवेपर्यंत थांबायची. हात इतका हलका की माणसाचं बोलणं संपायच्या आत काम उरकलेलं असायचं. पन्नाशी जवळ आलेली, बुटकी, डोळ्यांखाली कायमची काळी वर्तुळं. झोपेचा तुटवडा तिला जुनाच होता. नवरा धडधाकट होता तेव्हाही, आणि आता तर विचारायलाच नको.

गाडी नवऱ्याची. तो खोकी बनवणाऱ्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करायचा. दिवसभर दुसऱ्यांच्या यंत्रांना हात लावून आला की संध्याकाळी स्वतःच्या गाडीला हात लावायचा. लग्नानंतर थोड्याच दिवसांत त्याने ही जुनी गाडी घेतली होती, चांगली साधी, चार माणसं नीट बसतील अशी. तशी ती वर्षभरही राहिली नाही. आधी त्याने मूळच्या स्प्रिंगा काढून आखूड स्प्रिंगा बसवल्या, त्यामुळे गाडी जमिनीला टेकल्यासारखी दिसायला लागली आणि रस्त्यातल्या प्रत्येक गतिरोधकावर पोट घासायला लागली. मग पुढच्या दोन्ही सीटा भंगारात देऊन शर्यतीच्या गाडीत असतात तसल्या खोलगट सीटा आणल्या. त्यात माणूस बसायचा नाही, रुतायचा. स्टिअरिंग काढून ताटलीएवढं छोटं लावलं. मागे डिकीवर शर्यतीच्या गाडीला असतो तसला आडवा पंख बसवला. तो पंख त्याने घरीच ओतला होता, आणि ओतायच्या रसायनाचा वास स्वयंपाकघरातून महिनाभर हलला नव्हता. सायलेन्सर मात्र त्याचा सगळ्यात लाडका. त्याचं तोंड केवढं असावं यावर त्याने जेवढा विचार केला तेवढा मुलीचं नाव ठेवताना केला नसेल.

या सगळ्यात सुईताईचं काम एकच, बॅटरी धरायचं. इमारतीखालच्या पार्किंगमध्ये तो गाडीच्या पोटाखाली आणि ती उकिडवी बसून उजेड पाडणार. "जरा वर. वर म्हणजे वर. लक्ष कुठंय तुझं?" एवढंच काय ते संभाषण. तिचं लक्ष वर लावलेल्या कुकरकडे असायचं, मुलीच्या अभ्यासाकडे असायचं, पहाटेच्या यादीकडे असायचं. गाडी चालवायला मात्र त्याने तिला कधी दिली नाही. तिचा पाय जड आहे म्हणे. ती आपली स्कूटरवरून फिरायची.

तिची मोठी नणंद दोन गल्ल्या पलीकडे एकटीच राहायची. ती म्हणायची, "अगं, सवत असती तर भांडता तरी आलं असतं. हिच्याशी भांडून काय करशील, हॉर्न वाजवेल." सुईताई यावरही हसायची. भांडण तिने सुरुवातीच्या काही वर्षांत करून पाहिलं होतं. तिने काहीही म्हटलं की त्याचं उत्तर ठरलेलं, "बघू." घराला रंग काढू या? बघू. मुलीच्या गावी जाऊन येऊ या? बघू. "बरं" असं म्हणून त्याने तिचं काही ऐकलंय, असं तिला आठवत नव्हतं.

एका रविवारी सकाळी तो ड्रायव्हरच्या सीटखाली डोकं घालून पायापाशी निळा दिवा बसवत होता. ती नेहमीसारखी बॅटरी धरून बसली होती. त्याच्या हातातून स्क्रू-ड्रायव्हर पडला. त्याने उचलला, तो परत पडला. तिसऱ्यांदा हात नुसताच चाचपडत राहिला. तो काहीतरी बोलला. त्या आवाजाला बोलण्याची चाल होती, पण शब्द नव्हते. दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवण्यात जन्म गेलेल्या बाईला आणखी सांगायला लागलं नाही. तिने बॅटरी तिथेच टाकली आणि रुग्णवाहिकेला फोन केला. डॉक्टर नंतर म्हणाले की वेळेवर आणलंत म्हणून माणूस हाती लागला.

हाती लागला, पण निम्माच. उजवा हात आणि उजवा पाय गेला. आणि वाचा गेली. पूर्ण गेली असती तरी एक वेळ चाललं असतं, पण तिच्यातला एक शब्द मागे राहिला. "बरं."

पाणी हवंय? बरं. दुखतंय? बरं. पंखा बंद करू? बरं. डॉक्टरांनी समजावलं की असं होतं, डोक्यात सगळं शाबूत असतं, पण जिभेवर एकच शब्द येतो, तो त्यांच्या इच्छेने येत नाही. सुईताई दवाखान्याच्या बाकावर बसून यावर विचार करत राहिली आणि तिला हसू यायला लागलं. ते आवरेना म्हणून ती उठून जिन्यात गेली. नणंद मागून आली तेव्हा ती रडत होती. नणंदेने जिन्यातल्या नळाखाली रुमाल भिजवून तिच्या हातात दिला.

घरी आणायच्या दिवशी पहिला प्रश्न उभा राहिला. नणंद म्हणाली, घरची गाडी असताना बाहेरची कशाला. लायसन्स सुईताईकडे होतं. तिने पहिल्यांदाच त्या खोलगट सीटमध्ये बूड टेकलं, पाठीमागे उशी कोंबली, आणि दवाखान्याच्या दारात गाडी आणली. रखवालदार कानावर हात ठेवून पुढे आला. चाकाच्या खुर्चीतून त्याला गाडीत ढकलणं सोपं गेलं. माणूस वरून खाली सोडायचा, तो आपोआप आत रुतला. त्याच्या तोंडावर त्या दिवसांत पहिल्यांदाच थोडी कळा आली. डाव्या हाताने तो दारावरून हात फिरवत राहिला.

पण आत गेलेला माणूस बाहेर काढायचा असतो, हे दोघींना घरी पोचल्यावर कळलं. सीट इतकी खाली की त्याचे गुडघे छातीपाशी आलेले. सीटच्या दोन्ही कडा उंच. चांगला पाय एकच, त्यालाही रेटायला जागा नाही. नणंदेने काखेत हात घातले, सुईताईने कंबर धरली. तो वीतभर वर आला आणि परत धप्पकन आत गेला. तिसऱ्या वेळी तो बाहेर आला खरा, पण पाय सापडले नाहीत आणि तिघंही गाडी आणि भिंतीच्या मधल्या फटीत बसली. लागलं कुणालाच नाही. समोरच्या दुकानातून दोन अनोळखी माणसं धावत आली आणि त्यांनी त्याला पोत्यासारखा उचलून खुर्चीत ठेवला. सगळा वेळ तो दुसरीकडे बघत होता. ज्या सीटसाठी त्याने भंगाराच्या दुकानांचे उंबरे झिजवले होते, तिच्यातून त्याला दोन परके पुरुष काढत होते.

व्यायामासाठी त्याला आठवड्यातून दोनदा केंद्रात न्यायचं होतं. प्रत्येक खेपेला तोच तमाशा. त्यात एक दिवस पहाटे फेरीला जाताना सुईताईला स्कूटरवरच डुलकी लागली आणि ती वळणावर घसरली. मनगट मुरगळलं. नणंद म्हणाली, "एक पडलाय तेवढा पुरे. स्कूटर बंद." तेव्हापासून सकाळच्या फेरीलाही ती तीच गाडी न्यायला लागली आणि वस्तीला गजराची गरज उरली नाही. पहाटे उठायचं, त्याचं सगळं आवरायचं, नणंद आली की निघायचं, गतिरोधक आला की गाडी तिरकी करून एकेक चाक चढवायचं, ते छोटं स्टिअरिंग वळवताना खांदे भरून यायचे, नमुने लॅबमध्ये टाकायचे, घरी यायचं, त्याला घ्यायचं, रुतवायचं, काढायचं. संध्याकाळी ती ताटावर बसायची आणि घास हातात धरून तिला कळायचं नाही की हा तोंडात घालायचाय की नुकताच घातला.

गाडी विकायचं नणंदेनेच काढलं. विकून एखादी साधी, उंच गाडी घ्यावी. गिऱ्हाईकही लगेच मिळालं. एका व्यायामशाळेचा मास्तर होता, दंड फुगलेले, पण बोलायला गरीब. त्याने गाडीभोवती चक्कर मारली, पंखावर हात फिरवला, खाली वाकून सायलेन्सर बघितला आणि इंजिन चालू करून डोळे मिटून उभा राहिला. असली गाडी कुणी घरी बसून केली यावर त्याचा विश्वास बसेना. मग त्याने वर येऊन खाटेवर बसलेल्या नवऱ्याला आदराने विचारलं, "काका, देताय ना मला?"

"बरं," नवरा म्हणाला.

मास्तर खूश झाला. नणंदेने सुटकेचा निःश्वास टाकला. "झालं. तोच म्हणाला."

सुईताई दारात उभी होती. इतक्या महिन्यांत तिला त्याचे बरं ओळखता यायला लागले होते. पाण्याचा बरं आखूड असायचा. नको असलं की बरंच्या शेवटी आवाज वर जायचा. संडासला जायचं असलं की लागोपाठ दोन. पण हा तिने आजवर ऐकला नव्हता. याला वर-खाली काहीच नव्हतं. तो बरं म्हणताना नवरा मास्तरकडे बघतही नव्हता, स्वतःच्या डाव्या हाताच्या नखांकडे बघत होता. त्या नखांतलं काळं तेल दवाखान्यात घासूनही गेलं नव्हतं, ते आता नखं वाढून आपोआप गेलं होतं.

गाडी विकली असती तर तिचंच ओझं कमी होणार होतं. ते तिला कळत होतं. पण ज्या माणसाकडे नाही म्हणायला शब्दच नाही, त्याच्याकडून हो घ्यायचं तिला जमेना.

"नाही विकायची," ती मास्तरला म्हणाली. "तुम्हाला हेलपाटा पडला. चहा घेऊन जा."

मास्तर चहा पिऊन गेल्यावर नणंदेने तिला फैलावर घेतलं. डोकं फिरलंय का, मनगट सुजलंय, कंबर धरलीये, आणि या धुडाला कवटाळून बसणार? सुईताईने ते सगळं ऐकून घेतलं. मग ती खाटेजवळ स्टूल ओढून नवऱ्यासमोर बसली.

"गाडी राहील," ती म्हणाली. "पण अशी राहणार नाही. तुम्हाला बसता-उठता येईल आणि मला चालवता येईल, तशी करणार आहे मी. जे जे आड येईल ते काढणार. एकेक. तुमच्यासमोर."

त्याची मान खाली होती. मग डाव्या हाताने त्याने खाटेची कड धरली आणि म्हणाला, "बरं."

हा कुठला बरं, ते तिलाही नक्की सांगता आलं नसतं. पण म्हणताना तो तिच्याकडे बघत होता.

पुढच्या रविवारपासून इमारतीखाली वेगळंच दृश्य दिसायला लागलं. नवरा चाकाच्या खुर्चीत, पायांवर चादर. सुईताई त्याचाच जुना शर्ट घालून जमिनीवर. आणि बॅटरी धरायला नणंद, ती दर पाच मिनिटांनी म्हणायची की माझे गुडघे गेले. "ताई, जरा वर," सुईताई म्हणायची. "वर म्हणजे वर." आणि मग स्वतःच्या तोंडून काय निघालं ते ऐकून तिचा हात थांबायचा.

सुरुवात तिने सायलेन्सरपासून केली. पेशंटांच्या काचांची तिला दया आली होती. जॅक लावून तिने गाडी उचलली आणि ती खाली शिरणार, तेवढ्यात नवरा खुर्चीच्या हातावर थापा मारायला लागला. बरं, बरं, बरं. थांबेचना. नणंदेला वाटलं त्याला सायलेन्सर काढू द्यायचा नाही. ती त्याची समजूत घालायला लागली तर तो आणखीच चिडला आणि डाव्या हाताने डिकीकडे दाखवायला लागला. डिकी उघडली तर आत जादा चाक. सुईताईच्या लक्षात आलं. तोही कधी नुसत्या जॅकवर विसंबून गाडीखाली जात नसे. जॅक सरकला तर गाडी अंगावर येऊ नये म्हणून ते चाक आडवं करून खाली सरकवायचा. तिने चाक खाली सारलं, मगच तो शांत झाला.

भंगारातून आणलेला साधा सायलेन्सर बसवायचा होता, पण जुना निघायलाच दुपार झाली. करवतीने कापावा लागला. तो खाली पडला तेव्हा मोठा आवाज झाला, आणि नवऱ्याने तोंड फिरवलं. त्या दिवशी संध्याकाळी तो जेवला नाही. सुईताईने आग्रह केला नाही. ताट झाकून ठेवलं आणि त्याच्या खाटेच्या कडेला बसल्या बसल्याच तिचा डोळा लागला. जागी झाली तेव्हा त्याने स्वतःच्या अंगावरची अर्धी चादर तिच्यावर ओढलेली होती.

भंगारवाल्याकडे एका मोडलेल्या व्हॅनची सीट मिळाली. उंच, सपाट, कडा नसलेली, आणि रंगाने इतकी वाईट की नणंद म्हणाली, ही कुणी फुकट दिली तरी मी घरात घेणार नाही. पण आधी खोलगट सीट निघायला हवी. तिचे चार बोल्ट. तीन निघाले. चौथा गंजून जागीच चिकटलेला. सुईताईने त्याच्यावर तेल सोडलं, आठवडाभर मुरू दिलं, पुढच्या रविवारी पान्याला नळीचा तुकडा जोडून सगळं वजन टाकलं. हलेना. तिने शिव्या दिल्या, आयुष्यात पहिल्यांदा आणि मोठ्याने. नणंदेने बॅटरी खाली ठेवली. नवऱ्याच्या छातीतून एक आवाज आला आणि दोघी दचकून वळल्या. तो हसत होता. अर्ध्या तोंडाने, लाळ गळत, पण हसत होता. मग त्याने डावा हात पुढे करून हवेत फिरवून दाखवला. हा बोल्ट ती पालथी पडून पलीकडून हात घालून फिरवत होती, त्यामुळे डावं-उजवं उलटं झालं होतं. इतका वेळ ती बोल्ट सोडवत नव्हती, आवळत होती.

"आधी सांगता येत नव्हतं?" ती म्हणाली.

बोलून गेल्यावर तिला वाटलं, हे काय बोललो आपण. पण तो हसतच होता. तिलाही मग हसू आलं आणि नणंद म्हणाली की तुम्ही दोघं वेडे आहात, मी वर जाऊन चहा टाकते.

नवी सीट त्या जागी बसेना. तिची भोकं वेगळी. गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याने लोखंडी पट्ट्या करून दिल्या, त्या एकदा चुकल्या, परत केल्या. सीट पक्की झाल्यावर सुईताईने तिला लाथा मारून पाहिलं, हलली नाही. स्प्रिंगांना हात लावायची मात्र तिची छाती झाली नाही. त्या गॅरेजवाल्याकडे गेल्या. त्याचं आणि नवऱ्याचं जुनं वाकडं होतं. तो म्हणाला, "तुमच्या माणसाने माझं कधी ऐकलं नाही." ती म्हणाली, "माझंही नाही. करून देता का?" मूळच्या स्प्रिंगा माळ्यावर निघाल्या, तेल लावून गोणपाटात गुंडाळलेल्या. नवऱ्याने त्या इतकी वर्षं का जपल्या असतील ते त्याला सांगता येत नव्हतं. गाडी गॅरेजमधून आली ती चांगली वीतभर उंच होऊन. खालून मांजरं जायला लागली.

पंख तिने काढला नाही, कारण तो आड येत नव्हता. निळा दिवा काढायचा होता, पण त्याची तार कुठून कुठे गेलीये ते गॅरेजवाल्यालाही सापडलं नाही. गाडी चालू केली की तो लागतो. लागू दे.

इतकं सगळं करूनही नवऱ्याला सीटवर बसल्यावर वळता येईना. कापडाला पँट धरून बसायची. सुईताईच्या डोक्यात फिरत्या पाटाची कल्पना आली, ती वेल्डिंगवाल्याकडे जाणारही होती. पण व्यायाम घेणाऱ्या बाई म्हणाल्या, सीटवर एक प्लॅस्टिकची पिशवी टाकून बघा. तिने दुकानातली पिशवी टाकली. तो तिच्यावर बसला, तिने निकामी पाय उचलून आत ठेवला, त्याने डाव्या हाताने दार धरून अंग वळवलं आणि तो सर्रकन सरळ झाला. मग पिशवी ओढून काढायची आणि पट्टा लावायचा. बाहेर येताना तेच उलटं. त्या दिवशी केंद्राच्या दारात तो तिचा खांदा धरून स्वतः उभा राहिला. कुणी धावत आलं नाही, कारण धावण्यासारखं काही झालंच नाही. सुईताईला वाटलं होतं की या क्षणी आपल्याला फार आनंद होईल. तिला फक्त खाली बसावंसं वाटलं. ती पायरीवर बसली, आणि तो उभा राहिला, तिच्या डोक्यावर हात टेकून.

पुढे नणंद काही दिवस लेकाकडे गेली, त्याच्या घरी बाळंतपण होतं. नवऱ्याला घरी एकटं ठेवता येईना म्हणून सुईताई त्याला सकाळच्या फेरीलाही न्यायला लागली. ती वर जायची, तो खाली गाडीत बसायचा. गाडी आता चारचौघींसारखी चालायची. निवृत्त मास्तर तक्रार करायचे की आता तुम्ही आल्याचं कळतच नाही, बेल वाजवावी लागते. ते आपला रिकामा वेळ घेऊन खाली यायचे आणि गाडीच्या खिडकीशी उभे राहून नवऱ्याशी राजकारणावर बोलायचे. नवरा बरं म्हणायचा. मास्तरांना इतका समंजस श्रोता पूर्वी मिळाला नव्हता.

नमुन्यांची थंड पेटी ती मागच्या सीटवर ठेवायची. वळणावर ती घसरायची, आतल्या नळ्या खुळखुळायच्या, आणि सुईताई एक हात मागे नेऊन ती धरायची आणि एका हाताने गाडी वळवायची. पूर्वी तिने हे कुणाला सांगितलं नसतं. सांगायला कुणी शेजारी बसलेलंच नसायचं. आता तो शेजारी बसून रोज हे बघत होता.

एक दिवस ती आंघोळ करून आली तर तो खिडकीपाशी टेबलावर लाकडाच्या पट्ट्या घेऊन बसलेला. पट्ट्या जुन्या कपाटाच्या. एक टोक निकामी हाताच्या कोपराखाली दाबून डाव्या हाताने करवत चालवत होता. करवत सरळ जात नव्हती. तिने मदत करू का विचारलं. शेवट वर गेलेला बरं आला. तिने तो विषय सोडला. मग रोज थोडं थोडं चाललं. लाकडाचा भुसा जमिनीवर, तो झाडायचं काम तिचंच. कधी खिळा वाकायचा, कधी त्याचं बोट ठेचायचं. एकदा त्याने सगळं खाली फेकून दिलं आणि दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. तिसऱ्या दिवशी परत बसला.

शेवटी जे झालं ती एक चौकट होती, मागच्या सीटवर बसवायची, पेटी आत ठेवायला. इतक्या वर्षांत त्याने गाडीत पुष्कळ काही केलं होतं, पण तिच्यासाठी केलेली ही पहिली वस्तू. तिने ती खाली नेली, सीटवर पट्ट्यांनी आवळली आणि पेटी आत ठेवायला गेली. पेटी गेली नाही. एक बाजू बोटभर आत आलेली होती.

तो पुढच्या सीटवरून मान वळवून बघत होता. सुईताईने पेटी फिरवून पाहिली, उलटी धरून पाहिली. जात नव्हती. पहाट होती, अजून उजाडायचं होतं, पहिल्या घरी उपाशी माणूस वाट बघत होता, आणि तिच्या डोळ्यांत झोप होती. म्हणजे या रविवारी हीही बाजू घासायची, तिने मनात म्हटलं. आणखी एक काम. तिने दाराच्या कप्प्यातलं फडकं घेतलं, चौकटीची आत आलेली पट्टी जरा बाहेर ताणली आणि पेटीचा एक कोपरा आत दाबून बसवला. तिरकी बसली, पण बसली. फडकं उरलेल्या फटीत कोंबलं.

मग ती पुढे येऊन बसली, त्याचा पट्टा लावला, स्वतःचा लावला. पहिलं वळण आलं तेव्हा सवयीने तिचा हात मागे गेला. पेटी जागच्या जागी होती. तिने हात परत स्टिअरिंगवर ठेवला आणि दोन्ही हातांनी गाडी वळवली.